पाय लागला

केयाने मनगटावरची टेप दातांनी फाडून काढली, तिचा गोळा केला आणि नव्या कोचच्या, लूपेच्या पायांपाशी चिखलात फेकला. उपड्या बादलीवर बसलेल्या लूपेने मानही वळवली नाही. ती सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडत मैदानाकडे बघत होती, आणि मैदानावर केयाच्या जागी जेना धावत होती. जेना! गेल्या वर्षीपर्यंत समोरून कुणी अंगावर आलं की जी डोळे मिटून घ्यायची, ती जेना.

"मला का काढलंस?"

"तू उशिरा उठतेस," लूपे म्हणाली.

"मी? आज सगळ्यांत जास्त टॅकल माझे आहेत. कुणालाही विचार."

"टॅकल चांगले आहेत. टॅकलनंतर तू उशिरा उठतेस."

"पण का?"

"ते तू शोध." लूपेने एक टरफल बाजूला थुंकलं. "तिकडे पाणी आहे. पी."

केयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाण्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. सामना संपेपर्यंत ती रेषेबाहेर हाताची घडी घालून उभी राहिली, आणि आपला संघ जिंकला तेव्हा तिने मोजून दोन टाळ्या वाजवल्या.

हडसन हेरन्स हा जर्सी सिटीतल्या बायकांचा रग्बी लीगचा संघ. तेरा जणी इकडे, तेरा जणी तिकडे. चेंडू घेऊन धावणारीला धरून खाली पाडायचं, हा टॅकल. पडलेली उठते, चेंडू पायाने मागे सरकवते, मागची तो उचलते आणि पुन्हा धाव सुरू. असं सहा वेळा झालं की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. मधल्या त्या पापणी लवेल एवढ्या वेळात पाडणारीनेही उठून पडलेलीच्या समोर भिंतीसारखं उभं राहायचं असतं. ती तिथे नसली तर चेंडू उचलणारी त्याच भगदाडातून पसार होते. केया संघाच्या मधोमध खेळायची, आणि तिथे हे भगदाड पडलं की सगळं मुसळ केरात.

आधीचा कोच ग्रेग देवमाणूस होता. त्याला सगळंच ऑसम वाटायचं. हरलं तरी ऑसम, चेंडू हातातून निसटला तरी ऑसम ट्राय. केयाला तो 'द वॉल' म्हणायचा आणि केयालाही ते पटलेलं होतं. दिवसभर ती जनावरांच्या दवाखान्यात धिप्पाड कुत्री इंजेक्शनसाठी दाबून धरायची, तिथे माणसांचं काय घेऊन बसलात! मग ग्रेग फ्लोरिडाला गेला आणि लूपे आली. मूळची टोंगा बेटांवरच्या कुटुंबातली, युटामध्ये वाढलेली बाई, पन्नाशीची, सकाळी शाळेची बस चालवणारी. तिच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघेल तर शपथ. ती प्रत्येकीला एकेकच गोष्ट सांगायची. जेनाला म्हणाली, "चेंडूकडे नको, तिच्या कमरेकडे बघ. कंबर खोटं बोलत नाही." झालं, जेनाचे डोळे उघडले ते कायमचे. कुणाचा पास सरळ झाला, कुणाचा दम वाढला. वसंत संपेपर्यंत सगळा संघ हाताखालून गेल्यासारखा बदलला होता. केया तेवढी होती तिथेच होती, आणि तिला सांगितलेली एकच गोष्ट काय, तर तू शोध.

हे सगळं तिने एरवी हसून सोडलं असतं. पण उन्हाळ्याच्या शेवटी ईस्ट कोस्टच्या संघाच्या निवडीची चाचणी होती आणि प्रत्येक कोच आपल्या संघातून दोघींची नावं सुचवणार होता. कॉलेजात पहिल्यांदा चेंडू हातात घेतला तेव्हापासून केयाला तिथे जायचं होतं. आता तिची सत्ताविशी उलटली होती आणि उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"शी हेट्स मी," गाडीत बसल्या बसल्या ती म्हणाली.

"कोण गं?" पुढच्या सीटवरून मीनाक्षीने, तिच्या आईने विचारलं. मीनाक्षी प्रत्येक सामन्याला यायची आणि काचा वर करून गाडीतच बसायची. आपल्या पोरीला लोक पाडतात किंवा ती लोकांना पाडते, यातलं काहीच तिला बघवत नसे. ती विणकाम घेऊन यायची आणि शेवटची शिट्टी ऐकू आली की काच खाली करून हातपाय जाग्यावर आहेत का, तेवढं विचारायची.

"कोच. म्हणते मी स्लो आहे."

"तू स्लो?" गाडी चालवणाऱ्या प्रतापने आरशातून मागे पाहिलं. केयाचे हे बाबा मात्र मैदानावर घडीची खुर्ची टाकून, समोर स्टँडवर फोन लावून प्रत्येक सामना रेकॉर्ड करायचे. इतकी वर्षं झाली तरी ऑफसाइड कशाला म्हणतात ते त्यांना कळलेलं नव्हतं. पण एकही सामना चुकवलेला नव्हता. "अगं, माझ्याकडे सगळे व्हिडिओ आहेत. दाखव की तिला. म्हणावं, हे बघ आणि मग बोल!"

केया सरळ होऊन बसली. लूपेच्या नाकावर टिच्चून तिला पुरावा दाखवता येईल, हे तिला आधी सुचलंच नव्हतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने बाबांचा फोन टीव्हीला जोडला. मीनाक्षी नको नको म्हणत सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. खोटं खोटं आहे असं समजून बघ, असं प्रतापने तिला बजावलं. केया जमिनीवर बसली, हातात रिमोट.

"हा बघ. क्लीन टॅकल. काय वाईट आहे यात?"

पडद्यावरच्या केयाने एका उंच पोरीला कमरेत धरून आडवं केलं. ती उठली. पलीकडच्या संघाची चेंडू उचलणारी तिच्या बाजूने सटकन निघून गेली.

"ती निघून गेली बघ," प्रताप म्हणाला.

"आय सॉ दॅट, बाबा."

पुढचा टॅकल. तेच. त्याच्या पुढचा. तेच. केयाने रिमोटवर बोट दाबून चित्र हळू केलं. कुठे वेळ जातो, कुठे? पाडलं, हात सुटले, गुडघा वर आला, बुटाचं टोक पडलेलीच्या मांडीला घासलं, आणि मग तिचा उजवा हात खाली गेला. खाली गेला, त्या मांडीला बोटं टेकली, वर आला आणि छातीला लागला. मग ती उभी राहिली.

केयाने चित्र मागे नेलं. पुन्हा पाहिलं. दुसरा सामना लावला, पावसातला. बूट लागला, हात खाली, हात छातीला. त्याच्या आधीचा, ग्रेगच्या वेळचा. तेच. एका ठिकाणी तर नाकातून रक्त येत होतं, तरी तेच.

"अगं बाई!" मीनाक्षी ओरडली आणि दोन्ही हात तोंडावर ठेवून हसत सुटली. "अहो, बघितलंत का? पाय लागला म्हणून नमस्कार करतेय ती! त्या धटिंगण बायांना! बाई बाई बाई, माझी गुणाची पोर ती." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "थांब, तुझ्या मावशीला, शोभनाताईला फोन लावते. ती म्हणायची, अमेरिकेत वाढलेल्या पोरांना काय कळणार. म्हणावं, ये आणि बघ."

"डोन्ट यू डेअर!" केया ताडकन उठली.

"अगं पण..."

"आई, इट्स नॉट फनी! यामुळे मी बेंचवर बसतेय. यामुळे माझी जागा जेनाला गेली. यामुळे!"

लहानपणी पुस्तकाला पाय लागला, दप्तराला लागला, माणसाला लागला की हात लावून छातीशी न्यायचा, हे मीनाक्षीने तिला चालण्याबरोबरच शिकवलं होतं. शाळेत दुसरीत असताना एका मुलाच्या डब्याला पाय लागला आणि तिने तसं केलं. पुढे वर्षभर सगळा वर्ग एकमेकांच्या डब्यांना मुद्दाम लाथा मारून छातीवर हात ठेवत होता. तेव्हाच केयाने ही सवय सोडली होती. निदान सोडली असं तिला वाटत होतं. आणि ही चोरटी सवय इतकी वर्षं तिच्याच हातात दबा धरून बसली होती, सगळ्यांना दिसत होती, फक्त तिलाच दिसत नव्हती.

"तू मला उभं राहायच्या आधी सॉरी म्हणायला शिकवलंस," ती म्हणाली. आवाज चढला होता, आणि तो खाली आणायची तिची इच्छा नव्हती. "सगळ्यांना सॉरी. पुस्तकाला सॉरी, झाडूला सॉरी. हू डझ दॅट टू अ किड?"

मीनाक्षीचं हसू थांबलं.

"ते सॉरी नाहीये गं."

"मग काय आहे?"

मीनाक्षीने नवऱ्याकडे पाहिलं. जन्मभर केलेल्या गोष्टीला नाव काय, हे त्या दोघांना कधी कुणी विचारलेलंच नव्हतं.

"समोर माणूस असतं ना," अखेर मीनाक्षी म्हणाली. "म्हणून."

"माणूस नाही, अपोनंट आहे ती!"

केया आत निघून गेली आणि दार आपटलं. बाहेर प्रतापने टीव्ही बंद केला. शोभनाताईला फोन गेला नाही.

मंगळवारी सरावाला ती सगळ्यांच्या आधी पोचली. लूपे गाडीच्या डिकीतून चेंडूंची जाळी ओढून काढत होती. केयाने मदतीला हात लावला नाही.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

लूपेने जाळी खाली ठेवली. "पहिल्या आठवड्यापासून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? मला वेड्यासारखं शोधत बसवलंस? एक वाक्य पुरलं असतं! जेनाला सांगितलंस, सगळ्यांना सांगितलंस. मलाच का नाही?" केयाचे कान तापले होते. "मजा वाटत होती?"

"मला वाटलं, ती तुझी प्रार्थना आहे."

"प्रार्थना?"

"आमच्याकडच्या पोरी खेळायच्या आधी प्रार्थना करतात," लूपे म्हणाली. "कुणी मध्येच करतात. एका कोचने माझ्या धाकट्या भावाला ते बंद करायला लावलं. तो कोच वाईट नव्हता. भाऊ जोरात धावायलाही लागला. पण मग त्याला कशासाठी धावतोय ते कळेनासं झालं. म्हणून मी कुणाच्या प्रार्थनेत हात घालत नाही. ज्याची त्याने बघावी."

हे ऐकून राग जायला हवा होता. तो गेला नाही; उलट जास्तच भडकला, कारण आता तो टाकायला जागा उरली नव्हती. समोरचं माणूस दुष्ट असतं तर किती सोपं झालं असतं.

"ती प्रार्थना नाही," केया म्हणाली.

"मग काय आहे?"

परवा आईला विचारलेला प्रश्न तसाच्या तसा तिच्या पुढ्यात येऊन पडला.

"सवय," ती म्हणाली. "नुसती सवय."

"नक्की? प्रार्थना असेल तर तुला कडेला खेळवते. तिथे टॅकल कमी पडतात, तू राहशील संघात. पण मग चाचणीला नाव जाणार नाही. सवय असेल तर मोडता येते." लूपे तिच्याकडे रोखून बघत होती. "तू सांगशील ते. मी नाही ठरवणार."

"मोड," केया म्हणाली.

मग त्या दोघींनी ती मोडायला घेतली. लूपेची रीत साधी होती. हात जिथे जायला बघतो, तिथे त्याला जाऊ द्यायचं नाही, एवढंच सांगून भागत नाही. त्याला दुसरीकडे जायला लावायचं. टॅकल सुटला की दोन्ही हात डोक्याच्या वर. म्हणजे पंचाला सांगायचं, बघ, मी सोडलं हिला. सगळेच खेळाडू ते करतात. जेना गवतावर आडवी पडायची, केया तिच्या मांडीला मुद्दाम बूट लावायची आणि हात वर न्यायची. पहिल्या दिवशी हात निम्म्यात अडायचा, बोटं आपोआप खाली वळायची, आणि तिला इतका संताप यायचा की स्वतःच्याच हाताला चावावंसं वाटे.

"पुन्हा," लूपे म्हणायची.

"पुन्हा," गवतावरून जेनाही म्हणायची. तिच्या मांडीवर निळेकाळे डाग पडले होते. पण ती एकदाही कुरकुरली नाही. केयाने तिला थँक यू म्हटलं नाही. तिला थँक यू नव्हतं म्हणायचं, तिला कुणालाच काही म्हणायचं नव्हतं. प्रत्येक वेळी बूट टेकताना ती त्या दुसरीच्या वर्गातल्या पोरांना आठवत होती, शोभनामावशीला आठवत होती, आईचं ते हसणं आठवत होती, आणि हात वर फेकत होती. रागाने ते काम सोपं झालं. जून संपता संपता हात स्वतःहून वर जायला लागला.

घरी या विषयावर कुणी बोललं नाही. मीनाक्षीने सामन्याला यायचं थांबवलं नाही; गाडीच्या काचाही तशाच वर राहिल्या.

फिलाडेल्फियाच्या संघाशी शेवटचा सामना झाला तेव्हा उकाड्याने जीव नकोसा झाला होता. त्यांची चेंडू उचलणारी, बुटकी आणि चपळ, गेली दोन वर्षं केयाच्या बाजूने निसटून जायची. तिला ते भगदाड पाठ झालेलं होतं. शेवटची काही मिनिटं, हेरन्स चार गुणांनी पुढे, आणि समोरच्या पोरी अगदी हेरन्सच्या गोलरेषेपाशी येऊन धडकलेल्या. केयाने एका आडदांड पोरीला पाडलं. बूट तिच्या पोटरीवर घासला. केयाचे हात वर गेले, पाय जमिनीत रोवले गेले, आणि नेहमीच्या वाटेने निघालेली ती बुटकी येऊन सरळ तिच्या छातीवर आदळली. तिच्या चेहऱ्यावर इतकं खरंखुरं आश्चर्य होतं की केयाला हसू फुटलं. चेंडू निसटला. शिट्टी झाली.

सगळ्या जणी एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. बाबा खुर्ची उलथून उभे राहिले होते. लूपे बादलीवरून उठून आली आणि केयाच्या पुढ्यात उभी राहिली.

"दोन नावं पाठवली," ती म्हणाली. "तुझं आणि जेनाचं. गुडघ्याला बर्फ लाव."

एवढंच. पण जाताना तिने केयाच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर, आणि बियांची पिशवी पुढे केली. केयाने मूठभर घेतल्या.

त्या गडबडीत केयाच्या जर्सीचा खांदा उसवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मीनाक्षी दिवाणखान्यात, खिडकीतून ऊन येतं तिथे, सतरंजीवर पाय पसरून तो शिवत बसली होती. शिव म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. केया आंघोळ करून बाहेर आली तेव्हा तिचा फोन वाजला: चाचणीचं ठिकाण, दिवस, काय काय आणायचं. ती वाचत वाचतच आली.

"आई, इट्स हियर! आलं! ऐक ना..."

आणि तिचा पाय मीनाक्षीच्या पोटरीवर पडला. चांगला जोरात. सुई मीनाक्षीच्या बोटात रुतली, ती "आई गं" म्हणाली आणि तिने वर पाहिलं.

केया तिच्यासमोर उभी होती, ताठ, पाय जमिनीत रोवून, आणि तिचे दोन्ही हात डोक्याच्या वर होते. फोन एका हातात तसाच चमकत होता.

मीनाक्षीने त्या हातांकडे पाहिलं. एक, मग दुसरा. केयाने स्वतःचा राग शोधला. आत्ता तो हाताशी असता तर बरं झालं असतं. नेमका आज तो कुठेच नव्हता. हात खाली न्यावा, आईच्या पायाला लावावा, हे तिला कळत होतं, अगदी लख्ख कळत होतं. पण आता ते करायचं म्हणून केल्यासारखं होणार होतं, आणि आईला ते कळणार होतं.

मीनाक्षीने बोट तोंडात धरलं, रक्ताचा थेंब चोखला आणि सुईतून सुटलेला दोरा पुन्हा ओवायला घेतला. डोळे बारीक करून, एकदा, दोनदा. मग तो जमल्यावर ती नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"लागलं नाही फारसं. हात खाली घे की आता."

केयाने हात खाली घेतले, आणि ते कुठे ठेवायचे ते तिला सुचेना.